उल्सानचा किनारा, ह्युंदाई समूह आणि निर्यातीची अट

जयगडचा दर्यावर्दी

आपल्या किनाऱ्यावर मोठा प्रकल्प येणार अशी बातमी आली की चर्चा ठरलेल्या वाटांनी जाते. एक बाजू रोजगाराचे बोलते, दुसरी आंबा आणि मासळीचे बोलते आणि मध्येच कोणीतरी दक्षिण कोरियाचे नाव घेते. "कोरियाने एका पिढीत करून दाखवले, मग कोकणाला का जमू नये?" हा प्रश्न मी ग्रामसभेतही ऐकला आहे आणि एसटीतही. माझी सारी नोकरी व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आणि त्यांतली बरीच जहाजे दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरच्या उल्सान शहरात, ह्युंदाईच्या गोदीत बांधलेली होती. त्यामुळे या समूहाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. कोरियाच्या निर्यातप्रधान वाढीत अशा समूहाने नेमके काय केले आणि सरकारने त्याच्याकडून काय करून घेतले, एवढ्यापुरताच हा धागा आहे.

मे १९६१ मध्ये पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली, तेव्हा तो देश युद्धातून जेमतेम सावरलेला आणि अमेरिकी मदतीवर तगलेला होता. नोव्हेंबर १९६४ मध्ये वर्षाची निर्यात दहा कोटी डॉलरवर गेली, याचे त्यांना इतके अप्रूप वाटले की तेव्हापासून 'निर्यात दिन' पाळला जाऊ लागला. त्या काळच्या निर्यातीत प्लायवूड होते, कापड होते आणि बायकांच्या कापलेल्या केसांपासून केलेले टोपही होते. १९७७ मध्ये हाच आकडा एक हजार कोटी डॉलरवर पोहोचला.

या तेरा वर्षांत जे घडले त्याची किल्ली बँकेत होती. उठावानंतर लगेच बँका सरकारच्या ताब्यात आल्या. १९६४ मध्ये वॉन या कोरियन चलनाचे अवमूल्यन करून डॉलरचा भाव १३० वॉनवरून २५५ च्या आसपास नेला गेला. १९६५ मध्ये व्याजदर वाढवले, तेव्हा साध्या कर्जाला वर्षाला २६ टक्के पडू लागले, पण परदेशी ग्राहकाचे लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे त्याच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, हातात असलेल्या कारखानदाराला तेच पैसे साडेसहा टक्क्यांनी मिळत. या दोन दरांमधली दरी हीच खरी सबसिडी होती, आणि ती मिळवण्यासाठी माल देशाबाहेर विकणे भाग होते. दर महिन्याला राष्ट्राध्यक्ष स्वतः निर्यातीच्या आढावा बैठकीला बसत आणि ठरलेल्या उद्दिष्टातला किती माल गेला याचा हिशेब तिथे समोरासमोर होई.

या व्यवस्थेत ह्युंदाई वाढली. चुंग जू-युंग यांनी १९४७ मध्ये बांधकाम कंपनी काढली आणि अमेरिकी लष्कराच्या कामांवर ती मोठी झाली. १९६५ मध्ये तिने थायलंडमधल्या पट्टानी–नराथिवात रस्त्याचे काम घेतले. परदेशातले हे तिचे पहिले कंत्राट आणि त्यात तिला तोटा झाला. मात्र तिथे शिकलेली यंत्रे आणि माणसे १९६८ ते १९७० या काळात ४२८ किलोमीटरच्या सोल–बुसान द्रुतगती मार्गावर कामी आली. समूह असण्याचा फायदा इथे दिसतो: एका खात्यातला तोटा दुसऱ्या खात्याची शिकवणी ठरतो, कारण माणसे आणि पैसा घरातच फिरतात. सुट्या कंपनीला असा तोटा बुडवून गेला असता.

गोदीची कथा तर अनेकांनी ऐकली असेल. १९७१ मध्ये चुंग लंडनला गेले ते उल्सानच्या मिपो किनाऱ्याचा फोटो घेऊन, ज्यात वाळू आणि काही झोपड्या यांपलीकडे काही नव्हते. ५०० वॉनच्या नोटेवर छापलेले सोळाव्या शतकातले कासव-जहाज दाखवून त्यांनी आपल्या देशाची जहाजबांधणीची परंपरा सांगितली, असे ते स्वतः सांगत. पण नोट दाखवून कर्ज मिळत नसते. बार्कलेज या ब्रिटिश बँकेचे कर्ज हलले ते ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांनी २,६०,००० टनी दोन टँकरची ऑर्डर दिल्यावर आणि कोरियन सरकारने परतफेडीची हमी घेतल्यावर. मार्च १९७२ मध्ये पायाभरणी झाली. गोदी खणणे आणि जहाज बांधणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालली आणि जून १९७४ मध्ये दोन्ही उभी राहिली. आराखडे स्कॉटलंडच्या स्कॉट लिथगो गोदीचे होते. त्या गोदीत जागा कमी म्हणून ते लोक जहाज दोन अर्ध्यांत बांधत. ह्युंदाईने तेही जसेच्या तसे उचलले आणि जोडायला गेले तेव्हा अर्धे एकमेकांना बसेनात. असा धडा मिळालेली गोदी पुढे जगात पहिल्या क्रमांकाची झाली.

मला जहाजावर दिसे ती गोष्ट छोटी आहे. मुख्य इंजिनावरच्या पितळी पाटीवर दोन नावे असत, आधी ह्युंदाई आणि मग परवाना देणाऱ्या डॅनिश कंपनीचे बी अँड डब्ल्यू. सुरुवातीच्या जहाजांसाठी इंजिन बाहेरून येई. १९७८ मध्ये समूहाने इंजिनांसाठी वेगळी कंपनी काढली आणि परवान्यावर इंजिने घरीच बनू लागली. जहाज विकून डॉलर मिळवायचे आणि त्यातला वाटा इंजिनासाठी परत द्यायचा, हा व्यवहार तिथे फार काळ चालू दिला नाही.

आता माझा मुद्दा. महाराष्ट्राचे औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे आहे आणि उल्सान औद्योगिक क्षेत्र म्हणून घोषित झाले तेही १९६२ मध्येच. उद्योगांना प्रोत्साहने देणारी आपली सामूहिक योजना १९६४ पासून चालू आहे. म्हणजे सवलत देण्यात आपण मागे नव्हतो. आपण सवलत मोजली ती गुंतवणुकीच्या आणि नोकऱ्यांच्या आकड्यावर, त्यांनी मोजली परदेशात विकलेल्या मालावर. मंडळींचे मत वाचायला आवडेल.

मिरकरवाड्याची सुरंगी

दर्यावर्दी काका, लेख मनापासून आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत नाही. आमचे मासळी प्रक्रियेचे छोटे युनिट आहे. राणी माशाचा सुरिमी, म्हणजे मांसाचा धुतलेला, गोठवलेला लगदा, करून आम्ही परदेशी पाठवतो आणि त्याचे गिऱ्हाईक जपान आणि कोरियातही असते. आम्हालाही ऑर्डरच्या बळावर पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधीचे कर्ज, मिळते, आणि निर्यातदारांसाठीच्या केंद्राच्या ईपीसीजी योजनेत परदेशी यंत्र शुल्काशिवाय आणले तर वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. तेव्हा अट आपल्याकडे नाही असे म्हणता येणार नाही.

फरक कुठे पडतो ते मी आमच्या शेडमधून सांगते. मासळी बंदरावर उतरल्यापासून ब्लॉक गोठेपर्यंत सारा खेळ तासांचा असतो. बर्फ कमी पडला, ट्रॉलर उशिरा आला किंवा दुपारी वीज गेली की सुरिमीची जेल-ताकद, म्हणजे लगद्याचा घट्ट लवचीकपणा, उतरते, आणि ग्राहक तीच तर तपासून भाव ठरवतो. ग्रेड घसरली तर नुकसान आमचे, आणि सहा वर्षांची निर्यातीची जबाबदारी तरीही अंगावर तशीच. जनरेटर, बर्फाचा कारखाना, ट्रॉलर यांतले काहीच आमच्या मालकीचे नाही. ह्युंदाईला पोलाद हवे होते तेव्हा सरकारने पोहांग शहरात पोलाद कारखाना उभा केला होता आणि सिमेंट तर समूहाचे स्वतःचेच होते. एकट्या युनिटवर निर्यातीची अट घालणे आणि मागचे-पुढचे सगळे दुवे हातात असलेल्या समूहावर घालणे यांत मोठे अंतर आहे. समूहाने देशासाठी काय केले या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, बाजारात न मिळणाऱ्या दहा गोष्टी त्याने एका छपराखाली आणल्या.

सॅमसंगची सुरुवात १९३८ मध्ये तेगू शहरात सुकी मासळी, भाजी आणि शेवया विकणाऱ्या दुकानातून झाली होती, हे मी आमच्या सुकटवाल्या मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, मग आमचे काय चुकले?

चिपळूणचा मास्तर

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. सुरंगीताईंच्या मावशींचा प्रश्न लाखमोलाचा आहे, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग फारसा गोड नाही. समूह मोठे झाले ते कोणाच्या तरी पैशावर, आणि तो कोणी विचारून घेतलेला नव्हता.

३ ऑगस्ट १९७२ च्या आणीबाणीच्या हुकुमाची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. कोरियन कंपन्यांनी बँकांखेरीज खासगी सावकारी बाजारातूनही भरमसाठ कर्ज उचलले होते. देणारे सगळेच सावकार नव्हते, पेन्शनीचा किंवा दुकानाचा चार पैशांचा साठा व्याजाने लावणारी सामान्य माणसेही त्यांत होती. एका रात्रीत हुकूम निघाला की ही सारी कर्जे नोंदवावीत, पहिली तीन वर्षे मुद्दल मागायचे नाही, पुढच्या पाच वर्षांत ते हप्त्यांनी फेडले जाईल आणि व्याज महिन्याला १.३५ टक्केच मिळेल. बाजारात तेव्हा याच्या कितीतरी जास्त दर चालू होता. कंपन्यांचा बोजा हलका झाला आणि काही महिन्यांनी, जानेवारी १९७३ मध्ये, पार्क यांनी अवजड आणि रसायन उद्योगांचा कार्यक्रम जाहीर केला. पोलाद, जहाजे, मोटारी, यंत्रे ही क्षेत्रे कोणाला द्यायची हे सरकारने ठरवले. आपल्याकडे पतपेढीतल्या ठेवी गोठल्या की माणसे रस्त्यावर येतात. हा तसाच प्रकार होता, फक्त तिथे तो राष्ट्रीय धोरण म्हणून केला गेला आणि रस्त्यावर यायची कोणाची छाती नव्हती.

दुसरा वाटा कामगारांचा. निर्यातीची पहिली दहा वर्षे कापड, शिवणकाम आणि टोप या धंद्यांनी ओढली आणि ते काम करणाऱ्या बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली होत्या. नोव्हेंबर १९७० मध्ये सोलच्या कापड बाजारात जन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिंप्याने कामगार कायदा पाळा अशी मागणी करत स्वतःला पेटवून घेतले. उल्सानच्या ह्युंदाई कामगारांना स्वतंत्र संघटना मिळाली ती थेट १९८७ च्या उन्हाळ्यात, लोकशाहीच्या आंदोलनापाठोपाठ. म्हणजे गोदी सुरू झाल्यावर तेरा वर्षांनी.

आणि उल्सानचे उदाहरण घेणारच असाल तर त्याच्या शेजारचे ओनसानही घ्या. तिथे धातू आणि रसायनांचे कारखाने आले आणि १९८० च्या दशकात किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतल्या लोकांचे सांधे, हाडे दुखू लागली. त्या दुखण्याला गावाचेच नाव पडले. शेवटी सरकारला हजारो रहिवाशांना तिथून हलवावे लागले. आपल्याकडच्या लोटे परशुरामच्या रसायन वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही.

खेडचा आखातकर

मास्तरांनी खर्चाची बाजू मांडली ती योग्यच आहे. मी ह्युंदाईच्या परदेशी कामाविषयी लिहितो, कारण त्याचा संबंध आमच्या घराशी आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले आणि कोरियासारख्या तेल आयात करणाऱ्या देशाचे कंबरडे मोडायची वेळ आली. तेव्हा त्यांनी ठरवले की ज्यांच्याकडे डॉलर गेले त्यांच्याकडेच जाऊन ते परत आणायचे. १९७६ मध्ये ह्युंदाईने सौदी अरेबियातल्या जुबैल औद्योगिक बंदराचे सुमारे ९३ कोटी डॉलरचे काम मिळवले. खोल समुद्रातल्या धक्क्यासाठी लागणारे पोलादी सांगाडे तिने उल्सानच्या गोदीत बनवले आणि बार्जवर चढवून समुद्रमार्गे जुबैलला ओढत नेले. टँकरच्या ऑर्डरी आटलेल्या असताना गोदीला त्यामुळे काम मिळाले. बांधकाम खात्याने आणलेल्या कामावर जहाज खाते जगले, हा समूहाचा अर्थ.

माझे वडील त्याच सुमारास जुबैलला फिटर होते. कोरियन लोकांची छावणी वेगळी असे, त्यांचा स्वयंपाकी त्यांच्या देशातून आलेला, रात्री दिव्यांच्या उजेडात त्यांची दुसरी पाळी चाले आणि आजारी पडलेल्या माणसाच्या जागी उल्सानहून दुसरा येई. आमचे लोक एकेकटे गेले. एजंटाला पैसे भरून, कोणाच्या तरी मामाच्या ओळखीने, ज्या कंपनीने घेतले तिच्या कागदावर. खेड, दापोली, मंडणगड, महाड या पट्ट्यातल्या किती घरांचे चिरे आखाती पैशाचे आहेत हे सांगायला नको. पण तो पैसा घरे, लग्ने आणि थोडीफार जमीन यांत मुरला. कोरियन मजुराचा पगारही त्याच्या घरीच गेला, त्यात फरक नाही. फरक असा की कंत्राटाचा नफा, बंदर बांधायची विद्या आणि पुढच्या निविदेसाठी लागणारा अनुभवाचा दाखला हे सारे एका कंपनीकडे जमा झाले. आमच्या वडिलांचा अनुभव त्यांच्याबरोबर परत आला आणि पडवीत बसून राहिला.

जयगडचा दर्यावर्दी

आखातकर, तुमचा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचे सार्थक झाले.

टँकरच्या ऑर्डरी आटल्या त्याविषयी थोडी भर घालतो. तयार झालेल्या काही टँकरचा ताबा घ्यायला मालकांनी नकार दिला. ह्युंदाईने १९७६ मध्ये स्वतःची जहाज कंपनी काढून ती जहाजे तिच्याकडे वळवली, आणि सरकारने देशात येणारे कच्चे तेल कोरियन मालकीच्या जहाजांतून यावे अशी सोय केली. म्हणजे निर्यात फसली तेव्हा घरच्या बाजाराने हात दिला. सुरंगीताई, तुमच्या शेडमध्ये वीज जाते तेव्हा कोणी असा हात देत नाही, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे.

मास्तर, १९७२ च्या हुकुमाचे समर्थन मी करणार नाही. मात्र सरकारने पाठीशी घातलेले सगळेच टिकले नाहीत, हेही नोंदवतो. आणि शिस्त सैल झाली ती सरकारचा धाक गेल्यावर. १९८० च्या दशकात बँका खासगी झाल्या, पुढे परदेशी कर्जाची दारे उघडली आणि समूहांनी एकमेकांच्या कर्जांना हमी देत हातपाय पसरले. १९९७ च्या अखेरीस तीस मोठ्या समूहांचे कर्ज त्यांच्या भांडवलाच्या सुमारे पाचपट होते. त्या जानेवारीत हानबो स्टील कोसळली, जुलैत मोटारी बनवणारी किया, आणि वर्षाअखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने सुमारे ५८ अब्ज डॉलरचे मदतपॅकेज घ्यावे लागले. लोकांनी रांगा लावून घरातले सोने देशासाठी दिले, दोनशे टनांहून अधिक. किम वू-चुंग यांची देवू १९६७ मध्ये कापड निर्यातीतून सुरू झाली होती, ती १९९९ मध्ये बुडाली. निर्यातीचे गाजलेले नाव असूनही तिला कोणी वाचवले नाही.

माणगावकर

वरच्या चर्चेत एक नजीकचे उदाहरण राहिले म्हणून लिहितो. पोहांगच्या ज्या पोलाद कारखान्याचा उल्लेख आला, त्या पोस्कोचा प्रकल्प आमच्या माणगाव तालुक्यात विळे-भागाड औद्योगिक वसाहतीत आहे. ओडिशात याच कंपनीने २००५ मध्ये १ कोटी २० लाख टनांच्या कारखान्याचा करार केला होता, जमिनीचा विरोध आणि परवानग्या यांत बारा वर्षे गेली आणि २०१७ मध्ये तिने तो सोडला. आमच्याकडे आले ते त्या मानाने लहान: कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, लाटून पातळ करायची, त्यावर जस्ताचा थर द्यायचा आणि मोटारी व घरगुती उपकरणे बनवणाऱ्यांना विकायची.

म्हणजे १९७३ मध्ये जपानी नुकसानभरपाईच्या पैशातून सुरू झालेल्या कारखान्याची शाखा पन्नास वर्षांच्या आतच ताम्हिणी घाटाच्या पायथ्याशी आली. त्यांच्या दृष्टीने हीदेखील निर्यातच आहे, कारण इथे लाटायला लागणारी कॉइल बराच काळ कोरियातून येत असे. आमच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, रस्ता सुधारला, हे खरे आहे आणि मी त्याला नावे ठेवणार नाही. पण पोहांगकडून शिकायचे तर ते हे की, कोरियाने जपानी यंत्रे घेताना जपान्यांना मालकी दिली नव्हती, फक्त शिकवणी घेतली होती.

मिरकरवाड्याची सुरंगी

माणगावकर दादा, मालकीचा मुद्दा पटला, तरी आमच्यासारख्यांना तेवढी मोठी उडी झेपणार नाही. मला या धाग्यातून जे घ्यावेसे वाटते ते फार लहान आहे. आमच्या पट्ट्यातली प्रक्रिया युनिटे, बर्फवाले आणि ट्रॉलरमालक मिळून एक उत्पादक कंपनी काढायचे बोलणे मध्यंतरी सुरू झाले होते आणि ते बर्फाच्या दरावर अडले. बर्फवाल्यांना रोख हवी होती आणि आम्हाला ग्राहकाचे पैसे येईपर्यंत थांबायचे होते. ह्युंदाईत बांधकाम खाते आणि जहाज खाते यांच्यात असा वाद झाला असता तर चुंग यांनी दोघांना एका खोलीत बसवून मिटवला असता. आमच्याकडे ती खोली नाही, आणि तसा हुकूम सोडणारा कोणी असावा असे मला वाटतही नाही. तेव्हा एकमेकांची उधारी तीस दिवसांवर ठरवायची, आणि शासनाकडे अनुदानाऐवजी बंदरावर अखंड वीज मागायची, बदल्यात दर वर्षी किती टन माल कोणत्या ग्रेडचा बाहेर पाठवू हे लिहून द्यायचे, असा मसुदा मी करते आहे. मास्तर, त्यात कामगार बायकांच्या पाळीचे तास आणि सांडपाण्याचे कलम तुम्ही लिहून दिलेत तर बरे होईल. पावसाळी मासेमारी बंदी उठायच्या आत तो ट्रॉलरवाल्यांपुढे ठेवायचा आहे.

चिपळूणचा मास्तर

लिहून देतो. फक्त ग्रेडचे आकडे पहिल्या वर्षी कमी धरा आणि ते सगळ्यांसमोर दर महिन्याला वाचून दाखवायचे कलम घाला. माल गेला नाही तर त्या सदस्याची अखंड विजेची सवलत पुढच्या हंगामात कोणाला मिळेल, हेही आधीच लिहिलेले असू द्या, कारण वाद तिथेच होणार आहे.